आपण

डंडीत, तिसऱ्या मजल्यावरची खोली.
ओल्या कोटांचा वास, गालिच्यावर पिवळी चिकटपट्टी,
छातीवर नावाचं स्टिकर. माझं मी सुटसुटीत लिहिलं, ‘वासू’.
वसुमती इथे कोणाच्या जिभेवर टिकत नाही
आणि दुरुस्त करत बसायचा मला कंटाळा आलाय.

इशबेलबाई ग्लासगोहून आल्या होत्या, विद्यापीठानं बोलावलेल्या,
सगळ्यांना सामावून कसं घ्यायचं ते शिकवायला.
सकाळभर त्या म्हणत होत्या, वुई, वुई,
आणि मी, फी-विभागात बारा वर्षं पावत्या जुळवणारी बाई,
मनातल्या मनात मराठी करताना अडखळत होते:
हे ‘आम्ही’ की ‘आपण’?
इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही.
आमच्याकडे दार नेमकं तिथेच असतं,
त्या दोन शब्दांच्या मध्ये,
आणि कडी आतून.

मग खेळ. सगळे पट्टीवर उभे.
घरात पुस्तकं होती? एक पाऊल पुढे.
उच्चारावरून कोणी हसलं? मागे.
दुकानात रखवालदार पाठोपाठ फिरला? मागे.
पुढे-मागे करत मी जिथे थांबले
तिथेच, खांद्याला खांदा,
ग्रंथालयातला हर्षल.
त्याचे वडील हेडमास्तर, माझेही.
बघा, या दोघांचा प्रवास किती सारखा,
इशबेलबाई खूश झाल्या.
त्यांच्या कागदावर तो प्रश्न नव्हता.

तो मी विचारला होता.
तीन वर्षांपूर्वी, स्टाफच्या स्वयंपाकघरात,
किटली उकळेपर्यंतच्या वेळात.
मराठी कानावर पडलं म्हणून केवढी हरखले होते!
आपण मूळचे कुठले?
वर्ध्याचा.
आणि आडनाव?
त्यानं सांगितलं.
मी म्हटलं, अच्छा.
त्या ‘अच्छा’ची लांबी
त्याला ठाऊक आणि मला.
किटली टक् करून बंद झाली.

त्या दिवाळीला मी फराळाला अकरा माणसं बोलावली.
चकली बिघडली. यादी बिघडली नाही.
जागा लहान आहे ना आपली, असं मी नवऱ्याला
त्यानं काही विचारलं नसतानाच सांगून टाकलं.

शेवटी कार्डं वाटली. एक शब्द लिहा, भिंतीवर लावू.
कोणी आदर लिहिलं, कोणी ऐकणं,
भौतिकशास्त्राच्या एका म्हाताऱ्यानं नुसतंच ‘बिस्किटं’.
मी देवनागरीत लिहिलं: आपण.
अर्थ काय याचा?
वुई, मी म्हटलं.
अक्षरं किती सुंदर, म्हणत त्यांनी फोटो काढला.

हर्षल मागे उभा राहून वाचत होता.
त्या खोलीत ते वाचू शकणारा दुसरा एकटाच.
त्यानं मार्कर मागून घेतला
आणि माझ्या शब्दापुढे सावकाश जोडलं,
कोण?

आपण कोण?
साखळी न काढता दाराच्या फटीतून
अनोळखी माणसाला विचारतात, तसंही.
आणि दुसऱ्या तऱ्हेनंही, तू आणि मी धरून.
मार्करची शाई दोन्हींना एकच.

मला म्हणायचं होतं, एकदा घरी या.
‘या’ की ‘ये’, इथेच जीभ अडकली,
तेवढ्यात इशबेलबाईंनी टाळ्या वाजवल्या,
सँडविचं आली, कोणीतरी खिडकी उघडली,
टे नदीवरून खारट वारा आत आला
आणि निम्मी कार्डं खाली पडली. आमचं राहिलं.

चीज-लोणच्याचं सँडविच खाताना लक्षात आलं,
माझं आडनाव त्यानं आजवर विचारलेलं नाही.
किटलीपाशी, माझ्या पहिल्याच वाक्यात,
ते त्याला ऐकू आलं असणार.